शिरगणती

बाजी मरगळ्याकडे शेरडं किती, हा प्रश्न पासलीत कुणी विचारत नसे. विचारून उपयोग नव्हता. गावाच्या वर, डोंगराच्या सपाटीला पाच-सहा घरांची धनगरवस्ती होती आणि तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं तरी "असत्याल धा-पंधरा" एवढंच उत्तर मिळायचं. समोर साठ शेरडं ओरडत उभी असली तरी धा-पंधराच. फॉरेस्टचा गार्ड वर चढताना दिसला की निम्मी शेरडं ओढ्यापलीकडे जायची आणि उरलेल्यातली निम्मी पाहुण्याची असायची. एकदा जनावरांच्या डॉक्टरनं वैतागून विचारलं होतं, "बाबा, दहा-पंधरा शेळ्यांना साठ लसी कशा लागल्या?" त्यावर बाजी अगदी गंभीरपणे म्हणाला, "सुई लई बारीक व्हती, साहेब." डॉक्टरनं हात जोडले आणि तो चहा पिऊन खाली उतरला.

ह्यात नुसती लबाडी होती असं मात्र कुणी समजू नये. वस्तीवरच्या लोकांचा तीन पिढ्यांचा अनुभव असा की हातात कागद घेऊन आलेला माणूस आकडा विचारतो तो काहीतरी न्यायलाच. कधी चराईचा दंड, कधी पावती, कधी नुसतंच एक बोकड. शिवाय बाजीच्या बापानं त्याला लहानपणीच बजावलं होतं की आकडा तोंडाबाहेर काढला की जनावरांना पाय फुटतात. त्यामुळे बाजीनं शेरडं कधी मोजलीच नव्हती. संध्याकाळी वाडग्यात आली की तो एकदा नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "कवडी मागं ऱ्हायली." कवडी नावाची शेळी खरोखरच मागं राहिलेली असायची. खरा आकडा बाजीलाही ठाऊक नव्हता आणि त्याची त्याला कधी गरज पडली नव्हती.

सोमेश्वर त्याचा एकुलता एक मुलगा. दहावी झाल्यावर तो खेड शिवापूरच्या एका गोदामात हमालीला लागला, तिथंच फोर्कलिफ्ट चालवायला शिकला आणि चार वर्षांपूर्वी एजंटाच्या ओळखीनं समुद्रापलीकडच्या एका बंदरावर गेला. कागदावर तो साधा हेल्पर होता, पगार बेताचा. खरी कमाई ओव्हरटाइमची. ती त्याला रोखीत मिळायची आणि नसरापूरच्या एका माणसाच्या हातून रोखीतच घरी यायची, महिन्याला पंचवीस-सव्वीस हजार. पावती नाही, बँक नाही. त्या पैशातून घरावर पत्रे आले, दोन म्हशी आल्या, शेरडं वाढली आणि नात प्रांजल हिच्यासाठी थोडं बाजूला पडायला लागलं.

गेल्या दिवाळीनंतर त्या बंदरावर बाँब पडला. भांडण दुसऱ्याच दोन देशांचं होतं. त्यातल्या एकाचं नाव बाजीनं कधी ऐकलं नव्हतं आणि दुसऱ्याचं ऐकलं होतं ते खजुराच्या पाकिटामुळे. टाकणारे म्हणाले, चुकून पडला. ज्यांच्या देशात पडला ते म्हणाले, सूड घेऊ. पासली नावाचं गाव कुठं आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. सोमेश्वर ज्या गोदामात माल हलवत होता ते गोदाम जळालं. पंधरवड्यानं एक पेटी आली, उघडायची नाही असं सांगून. पासलीपर्यंत गाडीनं आणि पुढं चार माणसांच्या खांद्यावर ती वस्तीवर चढली. पारूबाई, त्याची आई, पेटीच्या फळीवर हात फिरवत "तोंड तरी दावा" म्हणत राहिली. कुणी दाखवलं नाही, कारण दाखवण्यासारखं काही असेल याची कुणालाच खात्री नव्हती.

पौषात वकीलबाई आल्या. त्यांचं नाव सौदामिनी, राहणार भोर. पायात कॅनव्हासचे बूट घालून, धापा टाकत त्या वस्तीवर पोचल्या आणि ओट्यावर बसून आधी तांब्याभर पाणी प्यायल्या. बाई वाईट नव्हत्या, हे बाजीनं नंतरही कधी नाकारलं नाही. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. सोमेश्वर ज्या कंपनीत होता तिनं विमा उतरवला होता, विम्याच्या लोकांनी माहिती घेण्याचं काम त्यांच्याकडे दिलं होतं आणि घरच्यांच्या जबाबावरून पैसे ठरणार होते. एवढं सांगून त्यांनी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि मांडीवर कागद घेतला.

नेमकी त्या दिवशी सून घरात नव्हती. मोहिनी वारसाच्या दाखल्यासाठी प्रांजलला घेऊन वेल्ह्याला तहसीलदार कचेरीत गेली होती. घरात होते बाजी आणि पारूबाई, आणि समोर कागद घेतलेलं माणूस.

"घरचं उत्पन्न काय, बाबा? शेळ्या किती आहेत?"

"असत्याल धा-पंधरा."

"आणि सोमेश्वर घरी किती पाठवायचे?"

प्रश्न पुरा व्हायच्या आत बाजीच्या तोंडातून गेलं, "पाच-सा हजार."

तो विचार करून बोलला नव्हता. डोळ्यासमोर हात आला की पापणी मिटते, तसं ते झालं. उंबऱ्यात बसलेल्या पारूबाईनं तर चाळीस वर्षांच्या संसाराला जागून वरून पुस्ती जोडली, "कदी कदी तेवडंबी न्हाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पत्र्याचं नवं छप्पर, गोठ्यातल्या दोन म्हशी त्यांना दिसत नव्हत्या असं नाही. "बाबा, नीट आठवा," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याच्यावरच पुढचं सगळं ठरणार आहे."

बाईंनी भल्यासाठी सांगितलं, पण त्यांनी सांगू नये तेच सांगितलं. अधिकारी दुसऱ्यांदा विचारतो आणि नीट आठवा म्हणतो, तेव्हा पहिलं उत्तर सोडायचं नाही, हे बाजीला आयुष्यानं शिकवलं होतं. जो दुसऱ्यांदा वेगळं बोलला तो सापडला.

"आटवूनच सांगतोय, बाई. पाच-सा हजार," तो म्हणाला आणि त्यानं अंगठा दिला. पारूबाईनंही दिला. बाईंनी शेळीच्या दुधाचा चहा घेतला, मुलाबद्दल दोन शब्द बोलल्या आणि निघाल्या. त्या ओढा उतरून जाईपर्यंत बाजी बघत होता. शेरडांचं कळलं नाही म्हणून त्याला जरा हायसंसुद्धा वाटलं.

संध्याकाळी मोहिनी आली. कचेरीत पुढची तारीख मिळाली होती. पाणी पिता पिता तिनं विचारलं, "बाई आल्या व्हत्या म्हनं. काय काय इचारलं?"

"शेरडं इचारली. सोमा काय धाडायचा ते इचारलं."

"मग तुमी किती सांगितलं?"

बाजी चुलीकडे बघायला लागला. पारूबाईनं भाकरी उलटली. मोहिनीनं पुन्हा विचारलं तेव्हा बाजीनं सांगितलं.

ती ओरडली नाही. तांब्या खाली ठेवून भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मामंजी, शेरडं लपवावी तसं तुमी त्यास्नी लपवलं."

बाजीला त्या वेळी कुणी काठीनं मारलं असतं तर सोपं गेलं असतं. सून बोलली त्यात खोट काढायला जागाच नव्हती. शेरडांचा आकडा कमी सांगितला की शेरडं वाचतात. माणसाचा कमी सांगितला की माणूस स्वस्त होतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कारण वस्तीवर आजवर माणसाची किंमत विचारायला कुणी आलंच नव्हतं. मोहिनीच्या डोळ्यासमोर काय होतं तेही त्याला ठाऊक होतं. वस्तीवरची शाळा पोरं कमी म्हणून बंद झाली होती. विंझरला एक खोली घ्यायची, प्रांजलला तिथल्या शाळेत घालायचं आणि खोलीच्या पुढच्या भागात शिवणकाम सुरू करायचं, असं सोमेश्वर आणि तिनं फोनवर ठरवलं होतं. आता सोमेश्वर नव्हता, पण खोली आणि शाळा दोन्ही अजून होऊ शकत होतं. ते सगळं ह्या एका पैशावर होतं आणि तो पैसा बाजीनं आपल्या तोंडानं कापला होता.

माघाच्या शेवटी बाईंचा फोन आला. चौदा लाख ठरले होते. बाजीला आधी हा आकडा फार मोठा वाटला. चौदा लाख त्यानं कधी पाहिले नव्हते. आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला असं त्याला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी तो वेल्ह्याच्या बाजारातून सावळारामच्या जीपमधून परत येत होता. सावळाराम वेल्हे-पासली जीप चालवायचा आणि तालुक्यातली प्रत्येक बातमी त्याच्या गाडीत बसूनच पुढं जायची.

"बाजीदा, ऐकलं का," सावळाराम म्हणाला, "सोमाबरोबर त्यो भोरचा पोरगा व्हता न्हव का, अद्वय. हापिसात कंप्युटरवर बसायचा त्यो. त्याच्या घरच्यास्नी नव्वद लाख बसलं."

"त्यो बी त्याच गोदामात व्हता?"

"त्याच. वरच्या मजल्यावर."

 बाजीला त्या भोरच्या पोराचा हेवा वाटला नाही, पोर गेलेल्या घराचा कोण हेवा करणार. पण एकच छप्पर, एकच बाँब, आणि वरच्या मजल्यावरचा नव्वदला अन् खालचा चौदाला, हे त्याच्या डोक्यात शिरेना. शिरलं तेव्हा त्याला वाटलं की मधला सगळा फरक आपल्या जिभेचा आहे. तसं ते पुरतं खरं नव्हतं, पण त्याला ते समजावून सांगणारं जवळ कुणी नव्हतं. त्या रात्री तो जेवला नाही आणि सकाळी मोहिनीला म्हणाला, "चल पोरी, भोरला जाऊ. म्या खोटं बोललो म्हणून सांगतो."

वेल्ह्याहून एसटीनं नसरापूर, तिथून दुसऱ्या गाडीनं भोर. वकीलबाईंच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर एक गृहस्थ आधीच बसले होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन, वय बाजीएवढंच. बोलता बोलता कळलं की हेच अद्वयचे वडील, गंगाधरराव, बँकेतून निवृत्त झालेले. दोघांची मुलं एका दिवशी गेली एवढी ओळख पुरेशी होती. गंगाधररावांनी सरकून बाजीला जागा दिली.

"तुमास्नी लई दिलं म्हनं," बाजी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तो सरळ विचारत होता.

गंगाधरराव बुटांकडे बघत राहिले. "दिले खरे. मी घराबाहेर कुणाला आकडा सांगत नाही. लोक आधी डोळे मोठे करतात आणि मग अरेरे म्हणतात." थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्याची आई त्या पासबुकाला हात लावत नाही."

बाजीला वाटलं, हा माणूसही आपल्यासारखाच आहे. मग आतून बोलावणं आलं.

त्यानं आत गेल्या गेल्या सांगून टाकलं. पंचवीस हजार यायचे, मी पाच सांगितले, शेरडंसुद्धा धा-पंधरा नाहीत, लई आहेत. सौदामिनीबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही.

"माझा विश्वास आहे, बाबा. पण तुमचा आवाज त्यांच्याकडे आहे आणि खाली अंगठा आहे. आता तुम्ही किंवा मोहिनीताई वेगळं सांगाल तर ते म्हणतील, पैशासाठी सांगतायत. काहीतरी दाखवायला लागेल. नसरापूरचा तो माणूस साक्ष देईल?"

"त्याचा फोनच बंद हाय," मोहिनी म्हणाली. "बाँब पडला तवापासनं."

"मग तो पैसा गेला कशात, ते दाखवता येईल?"

बाजी आणि मोहिनीनं एकमेकांकडे पाहिलं. पैसा कशात गेला ते डोंगरावर चरत होतं.

विम्याचा माणूस फाल्गुनात, होळीच्या आदल्या आठवड्यात जनावरं बघायला येणार असं ठरलं. घरी हे कळल्यावर पारूबाई प्रथमच नवऱ्यावर चिडली. "शेरडं मोजून देणार? माणसाम्होरं? एक लेकरू गेलं ते पुरं न्हाई झालं?"

"आता जायाचं काय ऱ्हायलंय," बाजी म्हणाला. त्याला भीती वाटत नव्हती असं नाही. तीन रात्री त्याला झोप लागली नाही. पण सुनेनं त्या दिवसानंतर त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं ठेवलं होतं, आणि ते त्याला बापाच्या शिकवणीपेक्षा जड झालं होतं.

ठरल्या दिवशी वकीलबाई आल्या, मुंबईचा एक तरुण साहेब आला आणि तो मोबाईल उंच धरून वाडग्याच्या तोंडाशी उभा राहिला. बाजीनं त्या दिवशी एकही शेरडू ओढ्यापलीकडे नेलं नाही. उलट शेजारच्या घरी चुकून गेलेलं एक करडूही हुडकून आणलं. मग त्यानं वाडग्याची झाप बाजूला केली आणि एकेक जनावर बाहेर सोडत तो मोठ्यानं मोजायला लागला.

 पहिली पाच-सहा त्यानं पुटपुटल्यासारखी मोजली. मग चांदी नावाची शेळी बाहेर आली, तेव्हा त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबाकडे तोंड करून म्हणाला, "ही सोमाच्या पयल्या पैशाची. हिची ती दोन. ती बांडी बी हिचीच. लिवा." तिथून त्याचा आवाज मोकळा झाला. बाजीला मोजणं येत होतं ते विसानं. एक वीस झाली की एक खडा खिशात टाकायचा आणि पुन्हा एकपासून. दोन विसा झाल्या, तीन झाल्या. गाभण शेळी आली की तो हात वर करून थांबवायचा, "ही दोन धरा, साहेब. पोटात हाय." साहेब हसायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. बाजी आयुष्यात पहिल्यांदा आकडा वाढवून सांगत होता. पुढं म्हशी दाखवल्या, पत्रे दाखवले, दूध खाली किती जातं तेही सांगितलं आणि त्यात दोन लिटर जास्तीचे घातले. आपल्या पोरानं काय काय केलं ते सगळं ह्या माणसाला दिसलं पाहिजे, एकसुद्धा गोष्ट सुटता कामा नये, असं त्याला झालं होतं.

"सदुसष्ट शेळ्या, दोन म्हशी," साहेब मोबाईलमध्ये म्हणाला.

सदुसष्ट. बाजीनं तो आकडा स्वतःशी म्हणून पाहिला. आभाळ कोसळलं नाही, जनावरांना पाय फुटले नाहीत. सोमा गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. मोहिनीनं साहेबाला चहा दिला, मग त्यालाही दिला आणि म्हणाली, "बसा मामंजी, दमला असाल."

चैत्र संपता संपता बाईंनी सगळ्यांना भोरला बोलावलं. पारूबाईलाही आणा म्हणाल्या. बाजीनं धुतलेलं धोतर नेसलं, प्रांजलला नवा फ्रॉक घातला. एसटीत तो खिडकीशी बसून मोहिनीला विंझरमधल्या घरांच्या पाट्या दाखवत होता, ही खोली बरी, ती रस्त्याला आहे. मोहिनी हसत नव्हती पण ऐकत होती.

ऑफिसात पोचल्यावर प्रांजल बाहेरच्या बाकावर रमली, तिला बिस्किटाचा पुडा देऊन पारूबाई तिच्याजवळ बसली. आत बाजी आणि मोहिनी गेले. सौदामिनीबाईंनी पंखा मोठा केला, पाणी मागवलं आणि एकदा घेतलेला कागद पुन्हा खाली ठेवला. जनावर विताना अडलं की ते सांगायला आलेला माणूस असाच घुटमळतो हे बाजीला माहीत होतं.

"त्यांनी मान्य केलं, बाबा. तो पंचवीस हजार पाठवत होता हे त्यांना पटलं." त्यांनी कागद पुन्हा उचलला. "पण ते म्हणतात, तो पैसा जनावरांत गेला आणि जनावरं तुमच्याकडे आहेत. म्हणजे ते नुकसान नाही. आणि ज्या घरात सदुसष्ट शेळ्या आणि दोन म्हशी आहेत, ते आई-वडील मुलावर जगत नव्हते. म्हणून तुम्हा दोघांना त्यांनी हिशोबातून काढलं. आता फक्त मोहिनीताई आणि प्रांजल. आणि ओव्हरटाइमची पावती नाही, म्हणून त्यांचा हिशोब कागदावरच्या पगारानं."

"किती?" मोहिनीनं विचारलं.

"अकरा."

बाजीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आन् ते चौदा?"

"ते मागे घेतले. आपणच प्रकरण पुन्हा उघडायला सांगितलं ना."

पंख्याखाली कागद फडफडत होते. बाजीनं बोटं मोजल्यासारखी उघडली आणि मिटली. "म्हंजी आदी लपवलं म्हणून कमी, आन् आता दावलं म्हणून आनखी कमी?"

"हो."

"मंग किती सांगायचं व्हतं, बाई?"

"मला माहीत असतं तर मीच तुम्हाला सांगितलं असतं," सौदामिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढला. "हे लोक माणसाची किंमत करत नाहीत, बाबा. मागे राहिलेल्यांचा खर्च कोण भागवतो, तेवढंच बघतात."

"शेरडं इकतो म्या. सगळी इकतो. न्हाईत म्हणून लिवा."

"त्यांच्याकडे चित्रण आहे."

दुसरा रस्ता विचारला तर तोही होता. त्या देशातल्या कोर्टात जायचं. तिथं अजून अधूनमधून बाँब पडत होते, कोर्ट कधी उघडेल सांगता येत नव्हतं, कंपनीनं बंदर सोडून दुसरीकडे दुकान मांडलं होतं. वर्षं जातील, वकिलाचे पैसे जातील आणि कदाचित अकराही जातील. वैशाख संपायच्या आत कागद झाले नाहीत तर हेही मिळणार नव्हते. बाजी हे सगळं ऐकत होता. आपण दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पोराला खाली आणलं, ह्यापलीकडे त्याला काही कळत नव्हतं.

 मोहिनीनं पदर सावरला. "द्या, बाई. जे हायत ते द्या. जूनमदी शाळा सुरू व्हती."

तिच्या सह्या झाल्या. त्यानंतर बाईंनी दुसरा एक कागद पुढं ओढला. हा बाजी आणि पारूबाईनं करून द्यायचा होता, त्याशिवाय मोहिनीचा पैसा सुटणार नव्हता. बाईंनी तो वाचून दाखवला, कारण दाखवणं भाग होतं. आम्ही लिहून देतो की आमचा मयत मुलगा सोमेश्वर याच्या कमाईवर आमची गुजराण नव्हती. त्याच्या जाण्यानं आमचं कोणतंही नुकसान झालेलं नाही. आमची त्याबाबत काही मागणी नाही.

"ह्ये आमी म्हणायचं?" बाजीनं विचारलं.

"हो, बाबा."

"नुस्कान न्हाई झालं म्हणून?"

बाईंनी नुसती मान हलवली. बाजीनं मोहिनीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता. ती त्याला काही म्हणणार नाही, कर म्हणून नाही आणि करू नको म्हणूनही नाही, हे त्याला कळलं. त्यानं अंगठा शाईला लावला आणि त्या ओळीखाली उमटवला.

मग त्यानं दारात जाऊन पारूबाईला हाक मारली. ती पदरानं बिस्किटाचा चुरा झटकत आत आली. इतकी माणसं एका कागदाभोवती पाहून तिला अवघडल्यासारखं झालं. बाजीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि शाईची डबी पुढं सरकवली.

"काय लिवलंय यात?" तिनं विचारलं.

वकीलबाईंनी बाजीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मोहिनी खिडकीतून वळली नाही.

"सोमा आपला लेक व्हता, आसं लिवलंय," बाजी म्हणाला.

पारूबाईनं मान डोलावली. तिनं अंगठा शाईत चांगला घोळवला आणि कागदावर टेकवून वरून दुसऱ्या हातानं दाबून धरला, नीट उठावा म्हणून.